थोरलीची ओळ

आजोबांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एक कागद होता. घड्यांवर विरलेला, वरचा कोपरा कसरीनं खाल्लेला. गावच्या जोश्यांनी लिहिलेली आजोबांची जन्मपत्रिका. ‘शके’ हा शब्द दिसतो आणि आकडा असायला हवा तिथं भोक आहे. पुढं ‘कालयुक्तनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध’ एवढं वाचता येतं. तिथीवर पाण्याचा डाग.

मी डेटाबेसची कामं करते. गेली सहा वर्षं रात्री जेवणं झाल्यावर आमच्या घराण्याची माहिती ठेवणारा एक प्रोग्राम लिहिते आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातल्या आणखी चार घरांनाही तो वापरता यावा अशी इच्छा आहे. हा कागद हातात आला त्या दिवशी माझ्या टेबलात ‘जन्मतारीख’ नावाचा एक साधा रकाना होता. त्याला वर्ष, महिना, दिवस हवा होता, आणि माझ्याकडे एक संवत्सर आणि एक पंधरवडा होता.

संवत्सरं साठ. शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठनं भागलं की उरलेली बाकी म्हणजे प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रम. कालयुक्त बावन्नावं. म्हणजे शके १७८०, १८४० किंवा १९००. इसवी सनात १८५८, १९१८ किंवा १९७८. १८५८ साली आजोबांचे वडीलही जन्मले नव्हते आणि १९७८ साली आजोबांना नातवंडं होती. उरलं १९१८. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे कार्तिक शुद्ध पक्ष त्याच्या पुढच्या पंधरवड्यातला, नोव्हेंबरातलाच.

उत्तर मिळालं म्हणून मी रकान्यात ‘नोव्हेंबर १९१८’ भरलं, आणि मग बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. कागदावर १९१८ लिहिलेलंच नाही. कागदावर ‘कालयुक्त’ लिहिलंय. १९१८ हे माझं म्हणणं आहे. उद्या ही नोंद बघणाऱ्या माझ्या भाच्याला कागद काय म्हणतो आणि मावशी काय म्हणते हे वेगळं कळायला नको का? त्या रात्री एका रकान्याची दोन टेबलं झाली. एकात पुरावा, जसा आहे तसा, भोकासकट. दुसऱ्यात त्यावरून काढलेला निष्कर्ष, कुणी काढला आणि कशावरून काढला या माहितीसह. पुढं जे काही शिकले ते सगळं या दोन टेबलांच्या मधल्या जागेत शिकले.

वंशावळीच्या प्रोग्रामांमध्ये माहितीची देवाणघेवाण ज्या रचनेतून चालते ती जेडकॉम. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं ती १९८४ साली तयार केली. त्यांच्याकडे पूर्वजांच्या नावानं धर्मविधी केले जातात, त्यामुळं पूर्वज शोधणं हे त्यांचं धर्मकार्य आहे, आणि ते त्यांनी मन लावून केलंय. जेडकॉममध्ये माणसाची एक नोंद असते, कुटुंबाची एक. कुटुंबाच्या नोंदीत नवरा, बायको, मुलं. नाव लिहिताना आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये. तारखेला ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘दरम्यान’ असे शब्द लावता येतात. ग्रेगोरियनखेरीज ज्यूलियन आहे, हिब्रू आहे, जेमतेम बारा वर्षं चाललेलं फ्रेंच राज्यक्रांतीचं कॅलेंडरही आहे. शालिवाहन शक नाही. आमच्या गावच्या देसायांकडे इनामाचा मोडी कागद आहे, त्यावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असा शुहूर सन आहे. तीन, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३, आणि ते वर्ष मृगापासून मृगापर्यंतचं. असा सन ठेवायला मला वेगळा रकाना करावा लागला, आणि तो करताना मला फार बरं वाटलं.

आमच्या माणसांना सन लागतच नाही, हीसुद्धा एक गोष्ट. आज्जी म्हणायची, गांधींची काँग्रेस बेळगावात भरली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझा जन्म. ते अधिवेशन १९२४ च्या डिसेंबरातलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं एकमेव. आत्तीचं लग्न कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आगेमागे. भूकंप लग्नाच्या आधी का नंतर, हे विचारल्यावर आत्ती क्षणात म्हणाली, ‘हळदीची भांडी फळीवरनं पडली की.’ मी तारखेच्या जागी घटनेचा दुवा ठेवायला लागले. ‘अमुक घटनेनंतर’, ‘अमुक घटनेच्या वेळी’. ज्या दिवशी त्या घटनेची तारीख पक्की होते त्या दिवशी तिला बांधलेली सगळी माणसं आपोआप जागेवर बसतात.

आता थोरलीकडं येते.

१९१८ च्या त्या कार्तिकात आमच्या भागात मानमोडीची साथ होती. इन्फ्लुएन्झाला आमची जुनी माणसं मानमोडीच म्हणायची. पणजीला साथीमुळं पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवलं नव्हतं. आजोबा जन्मले आणि सव्वा महिना व्हायच्या आत ती गेली. पणजोबांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. आजोबांना वाढवलं ते धाकटीनं. घरात बोलताना ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ असंच बोललं जायचं. धाकटीचं नाव कागदोपत्री आहे. थोरलीचं कुठंच नाही.

माझ्या प्रोग्रामनं पहिल्या वर्षी थोरलीला घ्यायलाच नकार दिला, कारण मी नावाचा रकाना सक्तीचा केला होता. माझ्या हातानं केला होता. नाव नाही तर माणूस नाही, असा त्याचा अर्थ होतो हे तो नियम लिहिताना ध्यानात आलं नव्हतं. आता माणसाच्या टेबलात फक्त एक आयडी आहे. नाव, जन्म, मृत्यू, आडनाव यातलं काहीही तिथं नाही. जो कोणी होता किंवा होती त्याला एक ओळ मिळते, आणि बाकी सगळं त्या ओळीबद्दल कुणीतरी केलेलं विधान म्हणून शेजारी बसतं. अमेरिकेत जेनटेक नावाच्या गटानं २००० साली जो आराखडा मांडला त्याचा गाभा हाच होता: नोंदीतून निघणारं प्रत्येक विधान सुटं ठेवायचं, आणि दोन कागदांतला माणूस एकच आहे हेसुद्धा एक विधानच मानायचं. मला तो आराखडा नंतर वाचायला मिळाला. वाचताना थोरलीच डोळ्यापुढं होती.

नावाचं टेबल वेगळं झाल्यावर आमच्याकडच्या नावांना मोकळं व्हायला जागा मिळाली. पणजोबांचं नाव यल्लाप्पा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे नसतात, शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळं गहाणखतात त्यांचं नाव बापाच्या नावाला चिकटलेलं. शाळेच्या दाखल्यात, आजोबांचे वडील म्हणून, बालबोध ‘यल्लापा’. पुढं कन्नड उताऱ्यावर जे लिहिलंय ते वाचलं तर ‘एल्लप्प’. इंग्रजीत एकदा वाय अक्षरानं, एकदा ई अक्षरानं. हे सगळे एकच गृहस्थ. नावांचा उच्चार जुळवण्यासाठी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, पेटंट योगायोगानं १९१८ सालचंच. तिच्यात पहिलं अक्षर तसंच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. यल्लाप्पाचा वाय-४१० होतो, एल्लप्पाचा ई-४१०. पहिलं अक्षर बदललं की माणूस हरवला. इथं यल्लम्मा घरोघरी आहे, यल्लाप्पा गल्लोगल्ली आहेत, तेव्हा ही चूक हजारो घरांची. मी माझी जुळणी नव्यानं लिहिली: सुरुवातीचा ‘य’ आणि ‘ए’ एक समजायचा, जोडाक्षरातलं द्वित्त गाळायचं, शेवटचा काना सोडून द्यायचा. मूळ अक्षरं मात्र जशीच्या तशी ठेवायची, ज्या लिपीत आहेत त्या लिपीत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळं आता गहाणखतातलं नाव मोडीतच ठेवता येतं. ते पडद्यावर पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी वडिलांना झोपेतून उठवून दाखवलं.

बाईच्या नावाचं आणखी वेगळं. लग्नात आडनाव बदलतं हे जेडकॉमला ठाऊक आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव अशा खुणा त्यात आहेत. पण ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं पाळण्यातल्या नावाऐवजी नवं नाव लिहिलं जातं, आणि त्या दिवसापासून गंगा रुक्मिणी होते, हे त्याला कसं ठाऊक असणार? माहेरची माणसं भेटली की ती पुन्हा गंगा. म्हणून माझ्या टेबलात नावाला काळ आहेच, शिवाय ‘कोण या नावानं हाक मारायचं’ असाही रकाना आहे. तो मला सगळ्यात आवडतो.

गावांचं सांगायचं तर आमच्या घरातली बाळंतिणीची खोली घ्या. न्हाणीघराला लागून, एक खिडकी, शेणानं सारवलेली, आता फरशी आहे. त्या खोलीत आजोबा जन्मले ते मुंबई इलाख्यात. वडील १९५१ साली जन्मले ते मुंबई राज्यात. धाकटे काका १९६० साली म्हैसूर राज्यात. मी १९८४ साली कर्नाटकात. पणजोबांच्या बहिणीला चंदगडकडं दिली होती. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यातच राहिलं, पुढं १९६० ला महाराष्ट्रात गेलं, आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. एकाच जिल्ह्यातलं सासर-माहेर दोन राज्यांत गेलं. आईचं माहेर शहापूरचं, आज बेळगाव शहराचाच भाग. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रस्त्यापलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. शहराचं नावही २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे.

ज्या प्रोग्रामात ‘गाव, तालुका, जिल्हा, राज्य’ असे चार रकाने असतात तो इथं दोन पिढ्यांत खोटा पडतो. गावाला स्वतःची ओळ पाहिजे, आणि ‘या काळात हे त्याच्या आत होतं’ असा तारखांसह दुवा पाहिजे. ग्रॅम्प्स नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे, त्यात हे असंच केलेलं आहे. स्थळाला वेगवेगळ्या भाषांतली, वेगवेगळ्या काळांतली नावंही देता येतात. मी त्यातून पुष्कळ शिकले. सीमाप्रश्नावर आमच्या घरात जे बोललं जातं ते पोटातून बोललं जातं, माझंही मत आहे. पण आजोबांच्या जन्माच्या नोंदीत ‘कर्नाटक’ लिहिणं जसं चूक तसंच माझ्या जन्माच्या नोंदीत ‘मुंबई’ लिहिणंही चूक. खोली तीच आहे एवढं मात्र टेबलात स्वच्छ दिसतं, कारण चौघांच्या जन्माचा दुवा एकाच स्थळाच्या ओळीला जातो.

आजोबांचं लग्न मामाच्या मुलीशी झालं. आमच्याकडं हे घरोघरी. म्हणजे माझी आज्जी ही थोरलीच्या भावाची मुलगी, थोरलीची भाची. म्हणून माझ्या पूर्वजांमध्ये थोरलीचे वडील दोन वाटांनी येतात: आजोबांकडून आईचे वडील म्हणून, आज्जीकडून वडिलांचे वडील म्हणून. ‘वंशवृक्ष’ या शब्दानं इथं घोटाळा केला. झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. आमची नाती मिळतात. मी वापरलेल्या पहिल्या तयार प्रोग्रामनं पणजीच्या त्या वडिलांच्या दोन प्रती केल्या, आणि एकीत दुरुस्ती केली की दुसरी तशीच राहायची. नाती जाळ्यासारखी ठेवायची, चित्र काढताना हवं तर झाडासारखं काढायचं. ठेवणं आणि दाखवणं यांची गल्लत झाली की सगळं बिघडतं.

दत्तकाचंही तसंच. पणजोबांचा एक भाऊ दत्तक गेला. बाप बदलला, आडनाव बदललं, तरी दिवाळीला तो जन्मघरीच जेवायला यायचा. त्याला दोन्ही घरं पाहिजेत, दोन्ही दुव्यांवर ‘जन्मानं’ आणि ‘दत्तविधानानं’ अशी खूण पाहिजे. आमच्या जिल्ह्यात हा विषय किरकोळ नाही. कित्तूरच्या शिवलिंगरुद्र सर्जानं घेतलेलं दत्तक इंग्रजांनी मानलं नाही, आणि १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्माच्या फौजेशी लढाई होऊन धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला.

सौंदत्तीकडच्या एका मैत्रिणीनं मला वेगळंच शिकवलं. तिची आज्जी लहानपणी यल्लम्माला सोडलेली. देवदासी सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदे झाले; आज्जी पहिल्याच्याही आधीची. ते घर आईकडून मुलीकडं चालत आलेलं आहे. माझ्या पडद्यावर तिच्या आईच्या वर एक करडी चौकट आली, ‘वडील: अज्ञात’. मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘अज्ञात म्हणजे आम्ही शोधतोय असं होतं. आम्ही शोधत नाही. आमच्या घरात ती जागाच नाही.’ माहीत नसणं आणि नसणं या दोन गोष्टी डेटाबेसमध्ये एकाच रिकाम्या रकान्यात टाकायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. मी ती चौकट काढून टाकली. पालक किती हे आता रचनेत ठरलेलं नाही. एक असेल, तीन असतील. आणि रिकामं का आहे, याला स्वतःचं उत्तर लागतं.

हे सगळं होऊनही थोरलीच्या ओळीला नाव नव्हतंच. मी पुरावे जमवत राहिले. वडिलोपार्जित जमिनीला पणजोबांनंतर वारसा लागला १९४१ साली, त्या फेरफारात ‘बायको रुक्मिणी’. ही धाकटी, कारण थोरली जाऊन तेवीस वर्षं झाली होती. आत्ती म्हणते, आईनं सांगितल्याप्रमाणं थोरली माहेरची गंगा आणि सासरची रुक्मिणी. मग दोघी बहिणी सासरी रुक्मिणीच झाल्या? थोरलीचं नाव धाकटीला दिलं? का आत्तीच्या ऐकण्यात दोन नावं मिसळली? माझ्या टेबलात तिन्ही शक्यता उभ्या आहेत, एकीलाही मी निष्कर्षात नेलेलं नाही. आज्जी १९२५ ची, तिनं आपल्या आत्तीला कधी पाहिलंच नव्हतं. तिला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. म्हणजे भाऊ, भावाची मुलगी, तिची मुलगी, मग मी. प्रत्येक सांगणाऱ्याची ओळ साखळीत आहे.

आणखी एक पुरावा देव्हाऱ्यात आहे. धाकटी जन्मभर गळ्यात थोरलीचा चांदीचा टाक घालायची. ती गेल्यावर तो देवात ठेवला. नखाएवढा, झिजून नाक-डोळे गेलेले. त्यावर नाव नाही. तो मी वजन आणि फोटोसह नोंदवलाय, ‘वस्तू’ या प्रकाराखाली. तो एवढंच सांगतो की ती होती आणि आधी गेली.

आमच्या घराण्याचे हेळवी दोन-तीन वर्षांनी सुगी आटोपल्यावर येतात. ज्यांच्या घराण्यांची वंशावळ सांगायचा हक्क त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांपुढं ते येऊन मूळपुरुषापासून नावं म्हणतात, नवी नावं वहीत घालतात, धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावी जातात. यांचे आजोबा बैलावरून यायचे, हे मोटरसायकलवरून येतात. वही कन्नडमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मागच्या खेपेला मी त्यांच्याशेजारी बसून पणजोबांचं पान वाचून घेतलं होतं. ‘यल्लाप्पा. बायका दोन. मुलगे तीन.’ मुलींचा आकडाही नव्हता. मी एकामागून एक विचारत गेले, त्यावर त्यांचं एकच उत्तर: ‘आक्का, वहीत आहे तेवढं मी सांगतो. वहीत नाही ते माझ्या मनचं घालत नाही.’ कागद काय म्हणतो आणि आपण काय म्हणतो हे वेगळं ठेवायची शिस्त त्या माणसाकडं मी शिकायच्या कितीतरी आधीपासून होती.

यंदा ते आले तेव्हा आत्ती माहेरपणाला आलेली होती. सोप्यात मी लॅपटॉप उघडून बसलेले. तिनं येऊन विचारलं, ‘काय लिहूलालीस गं?’ मी म्हटलं, थोरलीबद्दल. हेळवी पान उघडून थांबले होते. मी त्यांना म्हटलं, ‘काका, बायकांची नावं घालाल? सांगितली तर?’

त्यांनी थोडा वेळ वहीकडं पाहिलं. ‘मागच्या पिढ्यांना कुणी सांगितली नाहीत म्हणून नाहीत,’ ते म्हणाले. ‘जागा आहे. नाव काय?’

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. ‘गंगा,’ ती म्हणाली. ‘म्हायारची गंगा. सासरचं पक्कं न्हाई, ते लिवू नका.’

हेळव्यांनी पेन लगेच टेकवलं नाही. ‘कोण सांगितलं म्हणून लिहू?’

‘मी सांगितलं. मला माझ्या आईनं सांगितलं.’

त्यांनी ‘बायका दोन’च्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. एकीत गंगा. दुसरीत आत्तीचं नाव, आणि तिच्या आईचं. मग वही फिरवून आत्तीपुढं धरली. तिला कन्नड वाचता येत नाही. तिनं दोन्ही ओळींवरून सावकाश बोट फिरवलं, पदर खोचला आणि सुपात तांदूळ आणायला आत गेली.